दोन बादल्या पाण्यातले विज्ञान : अंगणात मुलांसोबत पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

आठ-दहा मुले, दोन बादल्या पाणी आणि चिखल झाला तरी कोणी रागावणार नाही अशी थोडी मोकळी जागा, एवढ्या भांडवलावर विज्ञानाची एक सकाळ चांगली पार पडते. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात महिन्यातून दोन रविवारी मी हा उद्योग करतो. मी पेशाने शिक्षक नाही, त्यामुळे सुरुवातीला ज्या चुका व्हायच्या त्या सगळ्या माझ्याकडून झाल्या. त्यातून जे हाती लागले ते, घरी, शाळेत किंवा अंगणवाडीत असे काही पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे. मुलांचे वय साधारण ६ ते १२ धरले आहे.

कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला नेलेले बालशिक्षणाचे काम याच धाटणीचे होते. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जायचे आणि तिथेच मिळणाऱ्या माती, पाने, शंख-शिंपल्यांतून शिकवायचे, असे त्यांनी ठरवले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी करून दाखवली. तेव्हा महागडे ‘सायन्स किट’ विकत घेण्याचा विचार मनात असेल तर तो खुशाल बाजूला ठेवावा.

आधी अंदाज, मग पाणी

साहित्याकडे वळण्यापूर्वी एक नियम ठरवून घ्यावा, कारण तो पाळला नाही तर पुढचे सगळे फक्त ओले होण्यात संपते (त्यातही मजा आहे, पण ती आपल्याशिवायही मुलांना जमते). कोणताही प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने काय होईल याचा अंदाज सांगायचा आणि तो खडूने जमिनीवर किंवा पेन्सिलने वहीत नोंदवायचा. नुसता मनात ठेवलेला अंदाज पाणी पडल्याबरोबर बदलतो आणि ‘मला आधीच माहीत होते’ असे सगळेच म्हणू लागतात. लिहिलेला अंदाज मात्र तिथेच राहतो, आणि तो चुकला की मूल आपोआप ‘का?’ विचारते.

या नियमाची दुसरी बाजू मोठ्यांसाठी आहे आणि ती जास्त अवघड आहे. उत्तर माहीत असले तरी सांगायचे नाही. कोणी ‘काका, हे असे का झाले?’ असे विचारले, तर ‘तुला काय वाटते? ते तपासायला आता काय बदलून पाहू या?’ एवढेच विचारायचे. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ चावावी लागते.

जागा, वेळ आणि पाणी

मातीचा तुकडा असलेले अंगण सर्वांत चांगले. गच्ची किंवा पार्किंगची फरशीही चालते, मात्र शेवाळलेली जागा टाळावी. सकाळी ९ ते साडेदहा ही वेळ बरी पडते, कारण उन्हाचा त्रास नसतो आणि कपडे दुपारपर्यंत वाळतात. चार-चार मुलांचे गट करावेत. सहा जणांच्या गटात दोन मुले नेहमी नुसती बघत राहतात.

पाणी किती लागेल, हा प्रश्न आपल्याकडे वरवरचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावात मुलांनी नळ सोडून खेळावे असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून मी सुरुवातीलाच दोन बादल्या, म्हणजे साधारण ३० ते ४० लिटर पाणी मोजून ठेवतो आणि आजचा साठा एवढाच असे सांगतो. पाणी शक्यतो एका घमेल्यातून दुसऱ्यात जाते आणि शेवटी झाडांना पोहोचते. साठा मर्यादित असला की मुले मोजून ओततात, आणि मोजणे हेच तर आपल्याला हवे असते.

साहित्यात एक मोठे घमेले किंवा टब, दोन तांबे, नरसाळे, दोन लिटरची पारदर्शक बाटली, जुनी पातळ स्टीलची वाटी, सरळ भिंतींचा डबा, पाच मीटर पारदर्शक नळी, खुरपे, मोजपट्टी, चिकटपट्टी, खडू आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढे असले की पुरते. दाभण, खिळा आणि हातोडी मोठ्यांच्या हातात राहू द्यावी.

सुरक्षितता

लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते आणि ते बहुतेक वेळा आवाज न करता घडते. म्हणून एका मोठ्या माणसाचे काम फक्त पाहण्याचे असावे. त्याने प्रयोग करायचा नाही, फोटो काढायचे नाहीत आणि फोनही घ्यायचा नाही. पाच वर्षांखालची भावंडे आली असतील तर भरलेली बादली त्यांच्यापासून लांब ठेवावी. विहीर, शेततळे किंवा वाहता ओढा ही या खेळाची जागा नव्हे.

पावसाळ्यात साचलेल्या रस्त्यावरच्या पाण्यात मुलांना उतरवू नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. विजा चमकत असतील तर खेळ बंद करून सर्वांनी घरात जावे. शेवटचे म्हणजे, सकाळ संपल्यावर प्रत्येक भांडे पालथे घालावे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात.

पहिला खेळ : तीन भोकांची बाटली

हा प्रयोग बहुतेकांनी पुस्तकात पाहिलेला असतो. बाटलीला वेगवेगळ्या उंचीवर तीन भोके आणि चित्रात सर्वांत खालच्या भोकाची धार सर्वांत लांब गेलेली. मीही पहिल्या रविवारी हेच चित्र फळ्यावर काढून सुरुवात केली होती आणि बाटली सरळ जमिनीवर ठेवून दिली. पाणी सोडले, तेव्हा चौथीतली एक मुलगी खाली बसून खडूने खुणा करत होती. ती म्हणाली, ‘काका, वरची आणि खालची एकाच रेषेवर पडतेय. लांब तर मधली जातेय.’ मी बाटली तिरकी झाली असेल म्हणून सरळ केली, पुन्हा पाणी भरले, आणि पुन्हा तेच झाले. बरोबर ती होती, माझे चित्र चूक होते.

आता हा प्रयोग मी मुद्दाम असा करतो. बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून टाकावा. तळापासून ६, १२ आणि १८ सेंटिमीटरवर तापवलेल्या दाभणाने सारख्या आकाराची, साधारण ३ मिलिमीटरची भोके पाडावीत. तिन्ही एकाच उभ्या रेषेत घेतली तर धारा एकमेकींत मिसळतात, म्हणून ती किंचित तिरक्या ओळीत घ्यावीत. तिन्हींवर एकच लांब चिकटपट्टी लावून २४ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरावे आणि बाटली सपाट, कोरड्या फरशीवर ठेवावी. मुलांचे अंदाज जमिनीवर लिहून झाले की पट्टी एका झटक्यात ओढावी, एका मुलाने तांब्याने वरून पाणी घालत पातळी २४ वर टिकवून ठेवावी आणि इतरांनी धारा जिथे टेकतात तिथे खडूने खुणा कराव्यात.

हिशेबाने वरची आणि खालची धार बाटलीपासून सुमारे २१ सेंटिमीटरवर आणि मधली २४ सेंटिमीटरवर पडायला हवी. प्रत्यक्षात भोकाच्या कडांमुळे आकडे थोडे कमी येतात, पण क्रम तोच राहतो. खालच्या भोकावर पाण्याचा भार जास्त असल्यामुळे तिथून पाणी वेगाने निघते हे खरेच आहे, मात्र जमीन अगदी जवळ असल्याने त्याला पुढे जायला वेळच मिळत नाही. वरच्या धारेला वेळ भरपूर मिळतो, पण तिच्यात वेग नसतो. मधलीला दोन्ही बेताचे मिळते आणि ती जिंकते.

यानंतर तीच बाटली सुमारे ४५ सेंटिमीटर उंच स्टुलावर ठेवावी आणि अंदाज पुन्हा विचारावेत. आता तिन्ही धारांना पडायला पुरेशी उंची मिळते, वेगातला फरक वरचढ ठरतो आणि सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडते. पुस्तकातले चित्र चूक की बरोबर, हे बाटली कशावर ठेवली आहे यावर ठरते! सातवीच्या पुढच्या मुलांना इथे इव्हान्जेलिस्टा टॉरिचेली या सतराव्या शतकातील इटालियन शास्त्रज्ञाचा नियम सांगता येतो: धारेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट वेग हवा असेल तर खोली चौपट लागते. लहानांना तो सांगण्याची गरज नाही.

जाता जाता, पाणी वाहत असतानाच बाटली डोक्याच्या उंचीवर धरून सोडून द्यावी आणि पडतानाच्या तिच्याकडे पाहायला सांगावे. बाटली पडत असते तेवढा वेळ धारा थांबतात, कारण बाटली आणि पाणी दोन्ही सारख्याच वेगाने खाली येत असतात. हा भाग मुले निदान सात-आठ वेळा करायला लावतात, तेव्हा तो शेवटी ठेवावा.

दुसरा खेळ : घटिकापात्र

माझा सर्वांत आवडता खेळ हाच आहे. आपल्याकडे लग्नमुहूर्त साधण्यासाठी पूर्वी पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे पात्र तरंगत ठेवत. भोकातून पाणी हळूहळू आत शिरे आणि पात्र भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे मोजत. दिवस-रात्र मिळून अशा ६० घटिका होतात. ‘घटका भरली’ हा आपण सहज वापरतो तो शब्दप्रयोग याच पात्राशी जोडलेला आहे, हे मुलांना सांगितले की त्यांना वाटीकडे बघायचे वेगळे कारण मिळते.

करायचे असे: जुनी, पातळ पत्र्याची, शक्यतो उभ्या भिंतींची वाटी लाकडी फळीवर पालथी घालून मोठ्या माणसाने बारीक खिळ्याने तळाच्या मध्यभागी एक छोटे भोक पाडावे आणि आतली धारदार कड कानशीने घासून टाकावी. वाटी घमेल्यातल्या पाण्यावर अलगद सोडावी, घड्याळ सुरू करावे आणि ती बुडेपर्यंतचा वेळ मोजावा. साध्या खिळ्याच्या दोन मिलिमीटरच्या भोकाने वाटी तीन-चार मिनिटांत बुडते. मग खरा खेळ सुरू होतो: हिचे २४ मिनिटांचे घड्याळ कसे करायचे?

कोणी म्हणते वाटी मोठी घ्या, कोणी म्हणते भोक लहान करा. भोकाची रुंदी निम्मी केली तर वेळ दुप्पट होईल असा बहुतेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात तो सुमारे चौपट होतो, कारण पाणी भोकाच्या क्षेत्रफळातून शिरते आणि रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई उरते. हा गणिताचा तास कोणालाही तास वाटत नाही. वजनाचाही परिणाम होतो. वाटीत एक नाणे ठेवले की ती जास्त खोल बसते, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाढतो आणि ती लवकर बुडते.

येथे तीन अडचणी हमखास येतात. पहिली, एक मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक भोकातून कधी कधी पाणी आत येतच नाही. पाण्याचा पृष्ठताण त्याला भोकाच्या तोंडाशी अडवून धरतो. अशा वेळी ओले बोट वाटीच्या आतून भोकावर फिरवावे, म्हणजे पाणी सुरू होते. दुसरी, पातळ प्लास्टिकची वाटी काही केल्या बुडत नाही, कारण ते प्लास्टिक पाण्यापेक्षा हलके असते आणि वाटी पूर्ण भरली तरी तरंगत राहते. तिसरी, पाण्यातला एखादा वाळूचा कण भोकात अडकतो आणि घड्याळ बंद पडते. या तिसऱ्या अडचणीच्या वेळी मी भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिची आख्यायिका सांगतो. मुहूर्ताचे घटिकापात्र वाकून पाहताना तिच्या दागिन्यातला मोती आत पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळून गेला, अशी ती गोष्ट आहे. गोष्ट खरी की खोटी यावर वाद घालण्यापेक्षा वाटीत एक मणी टाकून पाहावा.

मोठ्या मुलांसाठी एक जास्तीचा प्रश्न ठेवावा. उभ्या भिंतींच्या पात्राच्या आत निम्म्या उंचीवर खूण करून पाणी तिथे केव्हा पोहोचते ते पाहायला सांगावे. ते जवळजवळ निम्म्या वेळेला पोहोचते. भोक पाडलेली बाटली रिकामी होताना मात्र धार मंदावत जाते आणि उरलेल्या निम्म्या पाण्याला खूप जास्त वेळ लागतो. दोन्हींत भोक आहे, दोन्हींत पाणी आहे, मग हा फरक कशामुळे? याचे उत्तर पातळीतल्या फरकात आहे. तरंगणाऱ्या पात्रात आतली पातळी चढते तसे पात्रही खाली जाते, त्यामुळे आत-बाहेरचा फरक तेवढाच राहतो. हे एका मुलाने तिसऱ्या रविवारी स्वतःहून शोधले. तोवर गप्प राहणे मला बरेच जड गेले.

तिसरा खेळ : लेव्हल, पाट आणि बांध

याला मातीची जागा लागते आणि अख्खी सकाळ जाते. सुरुवात उतार शोधण्यापासून करावी. बांधकामावर गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात, तशी पाच मीटर नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्यात पाणी भरावे, आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये, कारण बुडबुडा अडकला की पातळी खोटी दिसते. दोन मुलांनी नळीची दोन टोके अंगणाच्या दोन कोपऱ्यांत काठ्यांना लावून उभी धरावीत. मधली नळी कशीही वेडीवाकडी पडलेली असो, दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीला येऊन थांबते. तिथून जमिनीपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजले की अंगण कुठल्या बाजूला किती उतरते आहे ते कळते. शक्य असेल तर जवळच्या बांधकामावरच्या एखाद्या गवंडीकाकांनाच बोलवावे. ते दहा मिनिटांत जे दाखवतात ते मला अर्ध्या तासात समजावता आले नव्हते.

आता उताराच्या बाजूने दोन मीटर लांबीचा एक पाट खुरप्याने काढावा आणि त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन छोटे वाफे करावेत. शेतात वाफ्याचे तोंड मातीने उघडणे-बंद करणे याला दारे धरणे म्हणतात. गावाकडून आलेल्या मुलांना ते ठाऊक असते, आणि त्या दिवशी शिकवण्याचे काम त्यांच्याकडे जाते. पहिला तांब्या कोरड्या पाटात ओतला की पाणी वीतभर जाऊन जिरते, दुसरा थोडा पुढे जातो, तिसरा आणखी पुढे. तेवढेच पाणी दरवेळी वेगळ्या अंतरावर का पोहोचते, हा पहिला प्रश्न. दुसरा अधिक अवघड आहे: ठरावीक दहा तांबे पाण्यात पहिल्या आणि शेवटच्या वाफ्याला सारखे पाणी कसे द्यायचे?

मुले हमखास पहिला वाफा आधी भरतात आणि शेवटचा कोरडा राहतो. मग भांडण होते आणि त्या भांडणातून उपाय निघतात. आधी शेवटचा भरू, पाट ओला करून घेऊ, दोन तांबे झाले की दार बंद करू. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचे दुखणे मुलांना इथे आपसूक कळते. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून पाणी वाटून घेण्याची जी जुनी फड पद्धत आहे, तिच्यात नेमके हेच कोडे गावाने मिळून सोडवलेले आहे. सगळी जमीन फडांत विभागायची, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाळी ठरवून पाणी फिरवायचे.

शेवटी पाटावर आडवा मातीचा बांध घालावा आणि मागे पाणी साठू द्यावे. कोणाचा बांध सर्वांत जास्त वेळ टिकतो ही स्पर्धा लावायला हरकत नाही. काही बांध तळाशी पाझरून ढासळतात, कारण पाण्याचा दाब तिथे सर्वांत जास्त असतो, आणि पुढच्या फेरीत मुले तळ रुंद करतात. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाची भिंतही याच कारणाने पायथ्याशी रुंद आहे. उरलेले बांध वरून पाणी ओसंडून फुटतात. तेव्हा कोणीतरी बांधाच्या एका कडेला दगड लावून पाण्याला वाट काढून देते. त्या वाटेला सांडवा म्हणतात हे तेव्हाच सांगावे, आधी नाही.

चौथा खेळ : पाऊस मोजणे

हा एका सकाळचा खेळ नव्हे, तो जूनमध्ये सुरू करून चार महिने चालवायचा आहे. बाजारातल्या बाटल्यांना खाचा असतात आणि तळ वळलेला असतो, त्यामुळे त्या कापून केलेले पर्जन्यमापक बहुधा चुकीचे आकडे देतात. सरळ भिंतींचा, सपाट तळाचा आणि तोंडाला कुठेही न आवळलेला डबा घ्यावा. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर येईल असा तो विटांमध्ये घट्ट बसवावा आणि झाडे-भिंतींपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला मोजपट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर साठले ते लिहावे आणि डबा रिकामा करावा. भारतीय हवामान विभागही दिवसाचा पाऊस साडेआठलाच मोजतो, त्यामुळे आपला आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

शेजारी एक अरुंद आणि एक रुंद असे सरळ भिंतींचे दोन डबे ठेवले की रुंद डब्यात पाणी उंच चढेल असे मुले म्हणतात. दोन्हींत उंची सारखीच येते. रुंद तोंडातून पाऊस जास्त पडतो, पण तो तेवढ्याच जास्त तळावर पसरतो. म्हणूनच पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये सांगता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, एवढे कळले की आपल्या गच्चीवर रात्रीत किती बादल्या पाणी पडून गेले हा हिशेब पाचवीचे मूलही करते. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसात मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली होती. मोजपट्टीने ती उंची भिंतीवर आखून दाखवली तर ती साधारण तीन वर्षांच्या मुलाएवढी भरते. हवामान विभाग ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’ म्हणतो, ती रेघही शेजारी काढावी.

वेळ उरला तर

कलिंगड तरंगते आणि द्राक्ष बुडते. ‘जड ते बुडते’ या समजुतीला एवढे पुरे. सालासकट तरंगणारे संत्रे सोलून टाकले तर बुडते. मळलेल्या कणकेचा गोळा बुडतो, त्याचीच पातळ वाटी केली तर तरंगते. फरशीवरच्या डबक्याभोवती दर अर्ध्या तासाने खडूने रेघ काढली की डबके आटताना कसे आत सरकते त्याचा नकाशा तयार होतो. गढूळ पाण्याच्या दोन ग्लासांपैकी एकात तुरटी फिरवून दोन्ही तासभर हलवू नयेत. कापराचा बारीक तुकडा स्वच्छ पाण्यावर गरगर फिरतो आणि तेलकट बोट लागले की जागीच थांबतो, मात्र कापूर पोटात गेला तर विषारी असल्याने तो मोठ्यांनीच हाताळावा. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर, सूर्याकडे पाठ करून नळीचे बारीक तुषार उडवले तर इंद्रधनुष्य दिसते. भर दुपारी ते सहसा दिसत नाही, कारण सूर्य ४२ अंशांपेक्षा वर गेला की धनुष्याची कमान क्षितिजाखाली जाते.

एका सकाळी एकच मोठा खेळ घ्यावा. मी पहिल्या दिवशी पाच खेळ मांडले होते आणि मुले एका घमेल्यापासून दुसऱ्याकडे जत्रेत फिरावे तशी फिरली.

वही आणि आवराआवर

प्रत्येक मुलाच्या वहीत चारच गोष्टी असाव्यात: काय केले, काय वाटले होते, काय झाले आणि आता काय करून पाहायचे आहे. ‘निष्कर्ष’ असा शब्द मी वापरत नाही, कारण तो लिहिला की मुले फळ्यावरून उतरवून घ्यायला वाट पाहू लागतात. चुकलेला अंदाज खोडू देऊ नये. लिहिता न येणाऱ्यांनी चित्र काढावे. सहा वर्षांच्या मुलांची बाटलीची चित्रे पाहिली तर कोणाला मधली धार लांब गेलेली दिसली आणि कोणी पुस्तकातलीच काढली हे लगेच समजते.

शेवटची पंधरा मिनिटे आवरण्यासाठी राखून ठेवावीत. उरलेले पाणी तांब्याने मोजत कुंड्यांना घालावे आणि दोन बादल्यांपैकी किती जिरले, किती सांडले, किती झाडांना गेले याचा ढोबळ हिशेब फरशीवर खडूने मांडावा. वाटी, डबा, घमेले पालथे घालून नळीतले पाणी झटकून ती सावलीत टांगावी. पर्जन्यमापकाचा डबा तेवढा उघडाच ठेवायचा आणि उद्या साडेआठला तो बघायची पाळी कोणाची, हे घरी जाण्यापूर्वी ठरवून घ्यायचे.